ब्लूजमधून रॉकमध्ये नेमकं काय आलं? (वाजवण्याच्या अंगाने)

कोमलगंधार

‘रॉक ब्लूजमधून आला’ हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. गिटार हातात घेतली की मात्र त्याचा उपयोग संपतो, कारण काय आलं आणि येताना काय बदललं हे कुणी फोड करून सांगत नाही. जाणकारांनी कलाकारांच्या चरित्रांपेक्षा वाजवण्याच्या अंगाने लिहावं, ही विनंती. प्रश्न असे:

१) ए, डी, ई या तीन कॉर्डचा बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा गटांचा) साचा एका प्रकारे वाजवला की ब्लूज वाटतो आणि दुसऱ्या प्रकारे वाजवला की रॉक अँड रोल. कॉर्ड त्याच आहेत, मग फरक कुठे पडतो?

२) साथीला ए सेव्हन, म्हणजे मेजर वळणाची कॉर्ड. वर मायनर पेंटॅटॉनिक. शुद्ध गंधारावर कोमल गंधार वाजतो आणि तरी बेसूर वाटत नाही. का? आणि काही वेळा वाटतो, तो का?

३) १९७० च्या आसपासच्या हेवी रॉकमध्ये बारा बारचा साचा फारसा दिसत नाही. तरीही त्या संगीताला ब्लूजचा वारस म्हणतात. साचा गेला, मग उरलं काय?

४) गेन (अ‍ॅम्पमध्ये आवाज फाटेपर्यंत चढवणारं बटण) वाढवला की कॉर्डचा चिखल होतो, स्वर वेगळे ऐकू येत नाहीत. जुन्या रेकॉर्डवर तो का होत नाही?

---

ठेका_सरळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल लयीत झाला आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

ब्लूजच्या झुलत्या लयीत, म्हणजे शफलमध्ये, एका मात्रेचे तीन भाग धरायचे आणि पहिला व तिसरा वाजवायचा. लांब-आखूड, लांब-आखूड. रॉकमध्ये त्याच मात्रेचे दोन सारखे भाग होतात. स्वर, कॉर्ड, साचा काहीही न बदलता एवढंच केलं तरी गाण्याची चाल पालटते. करून बघा:

ए साठी पाचवी तार मोकळी आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट, दोन आघात. मग चौथ्या तारेवर चौथा फ्रेट, पुन्हा दोन आघात. हेच आलटून पालटून. डी साठी चौथी तार मोकळी आणि तिसऱ्या तारेवर २ व ४. ई साठी सहावी मोकळी आणि पाचव्या तारेवर २ व ४. क्रम: चार बार ए, दोन बार डी, दोन बार ए, एक बार ई, एक बार डी, दोन बार ए. ४८ मात्रांचं आवर्तन झालं. शेवटच्या बारमध्ये ए ऐवजी ई घेतला की पुन्हा समेवर यायची ओढ तयार होते.

ही पाचव्या-सहाव्या स्वराची झुलती चाल मुळात बूगी-वूगी पियानोवादकांच्या डाव्या हाताची. १९३६-३७ मध्ये सॅन अँटोनियो आणि डॅलसला रॉबर्ट जॉन्सनची जी २९ गाणी रेकॉर्ड झाली, त्यांतल्या काहींमध्ये ती गिटारच्या खर्जाच्या तारांवर एकट्याने वाजवलेली ऐकू येते. चक बेरीने पुढे तीच चाल अख्ख्या बँडचं इंजिन केली.

आता मेट्रोनोम ९० वर ठेवून ‘एक-दोन-तीन’ मोजत फक्त एक आणि तीनवर वाजवा. हा ब्लूज. मग १६० वर सरळ आठ आघात, सगळे डाउनस्ट्रोक, उजव्या तळहाताची कड ब्रिजला टेकवून. हा रॉक अँड रोल. इथे दोन चुका हमखास होतात. एक, तळहात ब्रिजवरून पुढे सरकतो आणि स्वराऐवजी नुसता ‘थड’ ऐकू येतो. तार ब्रिजवर जिथे टेकते तिथून काही मिलिमीटरच पुढे जायची मुभा आहे. दुसरी, लय वाढली की शफल आपोआप चपटा होतो आणि दोन्हींतला फरक कानाला कळेनासा होतो. म्हणून तुलना करताना दोन्ही प्रकार १०० वर वाजवावेत.

खरी गंमत मधल्या अवस्थेत आहे. बेरीच्या १९५८ च्या ‘जॉनी बी. गुड’मध्ये गिटार सरळ आठ वाजवते आहे आणि मागे ताल व पियानो झुलत आहेत. १६० च्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. गिटारचा दुसरा आघात १८७ च्या जवळ पडतो, शफलचा २५० वर. ही सुमारे ६० मिलिसेकंदांची ओढाताण म्हणजेच सुरुवातीचा रॉक अँड रोल. सरावासाठी शफलचा बॅकिंग ट्रॅक लावून त्यावर सरळ वाजवा. कान मागच्या तालाकडे ओढला जातो, हात त्याच्यामागे जाऊ लागतो. तो जाऊ द्यायचा नाही.

ड्रमच्या बाजूने बघायचं तर न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर ऐकावा. लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ आठ ठोकत असे. शफल वाजवणाऱ्या ड्रमरला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं आणि १९५५ ते ५७ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये ताल हळूहळू सरळ होत गेलेला ऐकू येतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा जोर तेवढा कायम राहिला. लय सरळ झाली, पण वजन २ आणि ४ वरच.

बो डिडलीचा ठेका मात्र यात बसत नाही, तो वेगळा शिकायला हवा. एका बारचे १६ घर करा आणि १, ४, ७, ११, १३ या घरांवर वाजवा. उरलेल्या घरांत उजवा हात हवेत किंवा दाबलेल्या तारांवर चालूच ठेवायचा. हात थांबला की ठेका लंगडा होतो.

---

सातवा_फ्रेट

दुसरा प्रश्न माझा आवडता. ए ला सा माना. मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे धानी रागाचे स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ए सेव्हन कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प, कोमल नी. भांडण फक्त गंधाराचं आहे.

ब्लूज गाणारा गंधार कोमलही लावत नाही आणि शुद्धही नाही. तो मधला कुठलातरी लावतो आणि तोही हलता. पियानोवर तो मिळत नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या घसटून दाबतात. गिटारवर तो तार ओढून मिळतो. तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट, सी. पहिल्या बोटाने तार किंचित जमिनीकडे ओढायची. सहाव्या फ्रेटवर शुद्ध गंधार आहे. तिथपर्यंत पोचलात तर जास्त झालं. साधारण अर्धं अंतर पुरे.

म्हणजे कोमल गंधार ‘चालतो’ असं नाही. तो शुद्धाकडे झुकलेला असतो आणि तिथे थांबत नाही, म्हणून कान त्याला माफ करतो. सरळ सी दाबून दोन मात्रा धरून ठेवला की बेसूरच वाटणार. ‘काही वेळा वाटतो’ त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण कॉर्ड बदलण्याचं आहे. पाचव्या बारला डी सेव्हन आली की तोच सी आता डी चा कोमल निषाद होतो, कॉर्डचाच स्वर. तिथे तो सरळ, न ओढता वाजवायचा. सवयीने वर ओढलात तर सी शार्पच्या वाटेला जाता, आणि डी सेव्हनमधल्या सी ला तो सरळ घासतो. नवव्या बारला ई सेव्हन आली की भांडखोर स्वर जी होतो, कारण तो ई चा कोमल गंधार. आता सी ला सोडून जी ला थोडं वर ओढायचं. एकच बॉक्स (नेकवरची बोटांची ठरलेली जागा), पण प्रत्येक कॉर्डवर ओढायचा स्वर वेगळा. बी. बी. किंगची एक-दोन आवर्तनं एवढ्याच गोष्टीकडे लक्ष देऊन ऐका.

रॉकने यात तीन गोष्टी केल्या.

पहिली, साथीच्या कॉर्डमधून गंधारच काढून टाकला. पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा आणि प. आता गायक कुठलाही गंधार लावू शकतो, अडवणारं कुणी नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्लूजमध्ये कोमल ग आणि कोमल नी हे गाण्याचे स्वर होते, त्यांच्यावर कॉर्ड नव्हती. रॉकने त्या स्वरांवरही कॉर्ड उभ्या केल्या. ए च्या गाण्यात सी आणि जी च्या कॉर्ड. ए, सी, डी, जी अशा ओळीने वाजवून बघा. शेकडो रॉक गाण्यांचा सांगाडा हाच आहे. शास्त्रीय हार्मनीच्या हिशेबाने सी आणि जी इथे परके आहेत, ब्लूजच्या गळ्याच्या हिशेबाने घरचे.

तिसरी, दोन्ही गंधार एकाच कॉर्डमध्ये. हेंड्रिक्सने १९६७ मध्ये ‘पर्पल हेझ’मध्ये वापरलेली कॉर्ड: पाचव्या तारेवर ७, चौथ्यावर ६, तिसऱ्यावर ७, दुसऱ्यावर ८. खाली शुद्ध गंधार, वर कोमल. सहावी तार मोकळी ठेवून वाजवली की ई चा खर्ज मिळतो. जॅझमध्ये ही कॉर्ड आधीपासून होती, पण मुख्य कॉर्ड म्हणून घर करून बसली ती रॉकमध्ये.

आता बेंड, म्हणजे तार ओढून स्वर चढवणं, याबद्दल. इथे बहुतेकांचा सूर खाली राहतो. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट (डी) पूर्ण स्वराने ओढून ई पर्यंत न्यायचा. आधी दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच ई वाजवून कानात भरा, मग ओढा, मग दोन्ही एकदम वाजवा. थरथर ऐकू आली तर सूर लागलेला नाही. तिसरं बोट ७ वर, दुसरं ६ वर, पहिलं ५ वर, तिन्ही एकाच तारेवर; अंगठा नेकवरून वर आलेला. जोर बोटांचा नसतो, मनगट किल्ली फिरवल्यासारखं वळतं. नुसत्या बोटांनी ढकलणाऱ्यांचा बेंड पाऊण स्वरावर अडकतो आणि बोटं दुखतात ती वेगळीच.

तारेची जाडी इथे निर्णायक आहे. एकाच सुरात लावलेल्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली तार ०.००९ इंचाऐवजी ०.०११ घेतली तर ताण जवळपास दीडपट. जुन्या संचांत तिसरी तार गुंडाळलेली असे आणि ती पूर्ण स्वर ओढणं फार कष्टाचं होतं. वादक मग संच एक घर खाली सरकवून सगळ्यात वर बँजोची तार लावत. १९६० च्या दशकात हलके संच तयार मिळू लागले, तिसरी तार साधी झाली, आणि रॉकच्या सोलोमधले लांबलचक बेंड सर्रास ऐकू येऊ लागले.

अल्बर्ट किंगचा बेंड इतरांसारखा का वाटत नाही असा प्रश्न पडतो, म्हणून सांगतो. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, शिवाय सूरही खाली उतरवलेला. पातळ तारा वरच्या बाजूला आल्याने तो त्या ढकलत नसे, खाली खेचायचा. म्हणून दीड-दोन स्वरांची ओढ त्याला सहज जमे. साध्या गिटारवर त्याची नक्कल करायची तर आधी सगळ्या तारा निदान अर्धा स्वर उतरवा.

---

कोमलगंधार

डी सेव्हनवर सी न ओढण्याचा मुद्दा अगदी नेमका लागला, पाचव्या बारला होणारा खडखडाट त्याचाच होता. धन्यवाद. तिसरा आणि चौथा प्रश्न अजून बाकी आहेत.

---

ट्यूबचा_उजेड

चौथा घेतो.

आधी हिशेब. अ‍ॅम्प ओरडायला लागला की दोन स्वरांमधून तिसरा स्वर निपजतो, दोन्हींच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा. ए ११० हर्ट्झ, त्याचा पंचम ई सुमारे १६५. वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा ए. फुकटात खर्ज मिळाला. पॉवर कॉर्ड दोन तारांवर असूनही डोंगराएवढी वाटते ती यामुळे. आता ११० बरोबर शुद्ध गंधार घ्या. गिटारवर तो १३८.६ वर आहे. वजाबाकी २८.६, आणि दोन सप्तकं खालचा ए असतो २७.५ वर. म्हणजे खाली एक बेसूर घरघर सुरू होते. सहा तारांच्या कॉर्डमध्ये अशा जोड्या डझनभर. तोच तुमचा चिखल.

उपाय: गेन जास्त असताना दोन, फार तर तीन तारा. गंधार हवाच असेल तर तो वरच्या सप्तकात घ्या, खर्जाच्या तारांवर कधीच नको.

रेकॉर्डवर चिखल का नाही, त्याचं दुसरं कारण म्हणजे त्यांचा गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी होता. मोठा होता तो आवाज. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर एरिक क्लॅप्टनने केलेला अल्बम घ्या: लेस पॉल गिटार, दोन १२ इंची स्पीकरांचा मार्शल कॉम्बो, आणि अ‍ॅम्प स्टुडिओत सहसा कुणी ठेवत नसे एवढा चढवलेला. त्या अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम (गेन तसाच ठेवून आवाज कमी करणारं बटण) नव्हता. त्यामुळे प्रीअ‍ॅम्पच नाही, तर पॉवर ट्यूब आणि स्पीकरही ताणाखाली होते. तो आवाज दाबला की फुगतो, सोडला की मिटतो. मार्शलचा सुरुवातीचा जेटीएम ४५ हा फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवरून घेतलेला. बेस गिटारसाठी केलेला अ‍ॅम्प ब्लूजवाल्यांनी आधीच गिटारसाठी वापरायला घेतला होता.

विकृत आवाज ही रॉकची कल्पना नव्हेच. १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड झालं, तेव्हा गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर फाटलेला होता. त्यात कागद कोंबून काम भागवलं, आणि ती घरघर गाण्याची ओळख बनली. लिटल वॉल्टर १९५२ च्या आसपास साधा हातातला मायक्रोफोन हार्मोनिकासकट दोन्ही तळहातांत बंद करून अ‍ॅम्पमधून वाजवत होता. माइकभोवती हवा जायला फट राहिली की तो आवाज पातळ होतो; पूर्ण बंद झाला की सॅक्सोफोनसारखा भरतो. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला, तो अपघाताने मिळालेला आवाज मुद्दाम मिळवण्यासाठी. फझचं पेडल (पायाने चालू करून आवाज फाडायचं यंत्र) १९६२ मध्ये बाजारात आलं होतं, पण खपलं ते रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर.

सेटिंग: अ‍ॅम्पचा गेन अशा जागी ठेवा की गिटारचा व्हॉल्यूम ६ वर असताना आवाज जवळजवळ स्वच्छ आणि १० वर फाटलेला. साथ ६ वर, सोलो १० वर. गेन जेवढा चढवाल तेवढा बेस उतरवा, ३ ते ४ पुरे. मिड ६-७ च्या खाली नको. घरी एकट्याने वाजवताना मिड काढून टाकलेला आवाज गोड वाटतो, आणि बँडमध्ये तीच गिटार बेस आणि सिंबलच्या मध्ये हरवते. कमी आवाजात हे हवं असेल तर कमी वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प घ्या. १०० वॅटचा २ वर ठेवून ते होत नाही.

---

डेल्टा_ते_शिकागो

तिसरा प्रश्न: साचा गेला, मग उरलं काय? उरला रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी स्वराकृती. आणि तोही ब्लूजचाच.

गैरसमज असा की ब्लूज म्हणजे बारा बार. मिसिसिपी डेल्टाच्या बऱ्याच ब्लूजमध्ये कॉर्ड बदलतच नाही. हाऊलिन वुल्फचं १९५६ चं ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ एकाच कॉर्डवर आहे: एक छोटा रिफ फिरत राहतो आणि वर आवाज. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला. दक्षिणेकडून उत्तरेच्या शहरांकडे गेलेल्या काही दशलक्ष कृष्णवर्णीयांपैकी तो एक. तिथल्या गजबजलेल्या क्लबांत साधी गिटार ऐकूच येत नसे. वीज आली, ड्रम आले, बेस आला, आणि डेल्टातला एकट्याचा रिफ अख्खा बँड एकसुरात वाजवू लागला. हेवी रॉकची मांडणी इथे तयार झाली, १९७० मध्ये नव्हे.

विली डिक्सनने लिहिलेलं आणि मडीने १९५४ मध्ये गायलेलं ‘हूची कूची मॅन’ नीट तपासा. बँड चार-पाच स्वरांचा रिफ मारतो आणि गप्प बसतो. त्या शांततेत गायक ओळ म्हणतो. पुन्हा रिफ. बारा बारच्या पहिल्या चार बारचे इथे आठ केले आहेत, म्हणून साचा सोळा बारचा. आता लेड झेपेलिन किंवा ब्लॅक सॅबथ ऐका: रिफ, पोकळी, आवाज, रिफ. सॅबथचं आधीचं एक नाव पोल्का टल्क ब्लूज बँड होतं, हे त्यांचा जड रिफ ऐकताना लक्षात ठेवावं.

क्रीमच्या १९६७ च्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’मध्ये संक्रमण अगदी उघडं दिसतं. दोन बारचा रिफ, डी च्या ब्लूज स्केलमधला, आणि त्याला पुरेशी जागा मिळावी म्हणून बारा बारचा साचा दुप्पट ताणून चोवीस केलेला. आठ बार डी, चार बार जी, चार बार डी, आणि शेवटच्या आठांत नेहमीची उतरण सोडून ए, सी, जी च्या कॉर्ड. सातवा_फ्रेट यांनी वर सांगितलेला कोमल नी वरच्या कॉर्डचा मुद्दा इथे पुराव्यानिशी सापडतो, कारण डी च्या गाण्यात सी म्हणजे कोमल नी.

स्वतः रिफ बांधायचा असेल तर धानीच्या पाच स्वरांतून चार घ्या. समेवर खर्जाचा सा. कोमल गंधार आला तर आखूड आणि किंचित ओढलेला. शेवट सा वर करू नका. कोमल नी किंवा म वर सोडा, म्हणजे पुढची सम ओढून घेते. आणि दोन बारमध्ये निदान एक पूर्ण मात्रा रिकामी ठेवा. नव्याने रिफ बांधणारे ही रिकामी मात्रा भरून टाकतात आणि मग गायकाला शिरायला जागाच उरत नाही.

ओपन ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशी जुळणी, हा आणखी एक थेट वारसा. ओपन जी साठी सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. खालून वर डी-जी-डी-जी-बी-डी. डेल्टातले वादक यात स्लाइड (बोटात घातलेली नळी तारांवर घसरवत) वाजवायचे. कीथ रिचर्ड्सने १९६० च्या दशकाच्या शेवटी हेच ट्यूनिंग घेतलं, सहावी तार काढून टाकली आणि स्लाइडऐवजी बोटांनी वाजवलं. पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट आडवं ठेवलं की सी. ते तसंच ठेवून दुसऱ्या तारेवर ६ आणि चौथ्या तारेवर ७ दाबा: एफ. दाबा, सोडा, दाबा, सोडा. स्टोन्सच्या कितीतरी गाण्यांची चाल या दोन बोटांत आहे. तारा उतरवल्यावर नेकवरचा ताण बदलतो आणि आधी लावलेल्या तारा चढतात, म्हणून सगळ्या तारा दोनदा तपासा.

स्लाइड धरताना नळी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, मागे नको. नळीच्या मागच्या बाजूला एक बोट हलकं टेकवून ठेवलं नाही तर तारेचा मागचा भागही वाजतो आणि किरकिर होते.

---

गॉस्पेलचा_कोपरा

वरचं सगळं पटतं, पण एक दुरुस्ती हवी. ‘रॉक ब्लूजमधून आला’ हे वाक्य अर्धं आहे.

‘जॉनी बी. गुड’ची प्रसिद्ध सुरुवात जवळजवळ स्वरनस्वर कार्ल होगनची आहे, लुई जॉर्डनच्या १९४६ च्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’मधली. जॉर्डनचा बँड जंप ब्लूजचा, म्हणजे स्विंग बँडची छोटी आवृत्ती. चक बेरीची बरीच गाणी बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्ये आहेत ती पियानो आणि सॅक्सोफोनच्या सोयीने. त्याची पहिली रेकॉर्ड ‘मेबेलीन’ (१९५५) ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री फिडलच्या गाण्यावरून आली. सिस्टर रोझेटा थार्प तर चर्चचं गॉस्पेल गाणारी. १९४० च्या दशकातलं तिचं इलेक्ट्रिक गिटारवादन ऐकल्यावर रॉकची सुरुवात १९५५ ला धरणं अवघड जातं. गॉस्पेलमधून टाळीचा जोर आला आणि कळसाला नेणारी बांधणी आली. ब्लूज त्या मानाने एकाच पातळीवर फिरतो.

आणि श्रेयाचा मुद्दा इथे यायलाच हवा. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’चे शब्द मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेल्या विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’मधून आले. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि मग त्याचं नाव श्रेयात लागलं. एल्विसच्या १९५४ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं गाणं आर्थर क्रुडपचं होतं. १९७४ मध्ये तो वारला, तोवर त्याच्या हक्काचे पैसे त्याला नीट मिळाले नव्हते. ज्या वादकाकडून आपण चाल शिकतो त्याचं नाव माहीत असणं हा शिकण्याचाच भाग आहे. म्हणून गाणं बसवताना मूळ रेकॉर्ड आधी शोधा.

---

डेल्टा_ते_शिकागो

दुरुस्ती मान्य. मूळ रेकॉर्ड आधी, या सूचनेला जोडून ऐकायच्या तीन जोड्या देतो, प्रत्येकीत कशाकडे लक्ष द्यायचं त्यासह.

‘हाउंड डॉग’: बिग मामा थॉर्नटन, रेकॉर्डिंग १९५२, आणि एल्विस, १९५६. दोन्हींची लय बोटांनी टिचक्या देत मोजा. पहिलं मागे रेलून चालतं, गिटार गायिकेला उत्तरं देते. दुसऱ्यात ती सवाल-जवाबाची जागा संपली आहे, ड्रम भरून राहिले आहेत.

‘क्रॉस रोड ब्लूज’: रॉबर्ट जॉन्सन, १९३६, आणि क्रीमचं ‘क्रॉसरोड्स’, मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलेलं. जॉन्सनच्या आवर्तनात मात्रा कमी-जास्त होतात. एकटा असल्याने ओळ संपली की तो पुढे जातो. क्रीममध्ये तिघे आहेत, म्हणून बारा बार काटेकोर. जॉन्सनची एक खर्जातली आकृती क्रीमने रिफ म्हणून गाण्यावर बसवली. बँडबरोबर वाजवायला शिकल्यावर जॉन्सनची साथ करणं कठीण जातं ते याच कारणाने: तिथे मोजून चालत नाही, आवाजाच्या मागे जावं लागतं.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’: कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी, १९२९, आणि लेड झेपेलिन, १९७१. विषय मिसिसिपीच्या १९२७ च्या पुराचा. मूळ रेकॉर्डवर दोन गिटारी आणि चालती लय. नंतरच्यात लय जड आणि संथ, ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याच्या मोकळ्या जागेत ठेवून माइक वर टांगलेले. आधी मूळ गाण्याचे शब्द आणि चाल पाठ करा, मग दुसरं लावून फक्त बास ड्रम ऐका. कॉर्ड फारशा हलत नसताना गाणं पुढे कोण नेतं, ते तिथे कळतं.

---

ठेका_सरळ

जॉन्सनबद्दल एक जोड. त्या गाण्याबरोबर मेट्रोनोम लावू नका. पायाने फक्त मात्रा धरा, बार मोजू नका, आणि कॉर्ड बदलायची खूण गाण्याच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर ठेवा. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी वेगळी: दुसऱ्यांदा तीच ओळ सुरू झाली की डी च्या घरात (म्हणजे सा वरून म वर) जायचं, तिसरी सुरू झाली की ई वर. बार किती झाले याचा हिशेब न ठेवता साथ बरोबर पडते.

---

कोमलगंधार

ओळीच्या खुणेवर कॉर्ड बदलून पाहतो. ओपन जी मध्येही हीच खूण चालेल का? म्हणजे पाचवा फ्रेट आणि सातवा फ्रेट?

---

सातवा_फ्रेट

चालेल. मोकळ्या तारा सा, पाचवा फ्रेट म, सातवा फ्रेट प. फक्त स्लाइडने जाताना पाचव्यावर थोडं खालून या आणि सातव्यावर थेट उतरा. सातव्यावर खालून घसरत आलात तर वाटेत पाचवा-सहावा ऐकू येतो आणि कॉर्ड बदलली की नाही अशी शंका राहते.